कामिकोची: आझुसा नदीकाठची पायवाट आणि त्यानंतरचं गरम पाणी

जपानला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका एवढं करून परततात. ज्यांना सह्याद्रीत भटकायची सवय आहे, त्यांनी त्यातले तीन दिवस बाजूला काढावेत आणि नागानो प्रांतातल्या कामिकोचीला जावं, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आझुसा नदीचं हे लांबट खोरं आहे. डोक्यावर होताका पर्वतरांगेचे उघडे कडे. त्यातलं ओकुहोताका ३१९० मीटरचं, जपानमधलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी याकेदाके हा २४५५ मीटरचा जागृत ज्वालामुखी. हा सगळा भाग १९३४ साली स्थापन झालेल्या च्युबु सांगाकु राष्ट्रीय उद्यानात येतो.

इथे येणारे बरेच जण सकाळी बसने येतात, मधल्या काप्पा पुलावर फोटो काढतात आणि दुपारी परततात. तसं करू नका. एक रात्र खोऱ्यात आणि एक रात्र जवळच्या गरम पाण्याच्या गावात, एवढा वेळ द्या. पहिली बस यायच्या आधीचे दोन तास आणि शेवटची बस गेल्यानंतरची संध्याकाळ, खरं कामिकोची तेव्हाच दिसतं. क्रमही हाच ठेवा: आधी चाल, मग स्नान. उलट केलंत तर अंग सैलावतं आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत.

एवढ्या उंच डोंगरांत वाट सपाट कशी, हा प्रश्न आपल्याकडच्या ट्रेकरला हमखास पडतो. आझुसा पूर्वी पलीकडे, आजच्या गिफू प्रांताच्या बाजूला वाहत असे. सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी याकेदाकेच्या परिसरातल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने तिची वाट अडवली. पाणी तुंबलं, मोठं सरोवर झालं, हजारो वर्षं त्यात गाळ साचत गेला आणि नदीने मात्सुमोतोच्या बाजूला नवी वाट काढली. आज आपण चालतो तो त्या भरलेल्या सरोवराचा तळ. म्हणूनच गुडघे कुरकुरणारे सत्तरीचे आई-वडील आणि पाच-सहा वर्षांची मुलंही इथे मजेत चालू शकतात.

कधी जायचं

खोरं साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात उघडतं आणि १५ नोव्हेंबरला बंद होतं. हिवाळ्यात बस नाही, हॉटेलं बंद, रस्त्यावर बर्फ.

मे महिन्याच्या शेवटी जंगलाच्या जमिनीवर निरिन्सो नावाची पांढरी रानफुलं गालिच्यासारखी पसरतात आणि कड्यांवर बर्फ शिल्लक असतो. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत बसणारा हाच सगळ्यात चांगला काळ. जून मध्यापासून जुलै मध्यापर्यंत तिथलाही पावसाळा. हिरवाई भरपूर, पण शिखरं ढगात. ऑगस्टमध्ये हवा सुखद, मात्र ओबोन या पूर्वजांच्या सणाच्या सुट्ट्यांची गर्दी. सप्टेंबरात वादळांचा धोका असतो आणि पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रस्ताच बंद करतात.

मला विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध. कारामात्सु, म्हणजे जपानी लार्च, हे सूचिपर्णी असूनही पानं गाळणारं झाड. ऑक्टोबर संपता संपता त्याच्या सुया सोनेरी होतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर अंगावर, केसांत, डब्यातल्या भातावर पडत राहतात. पहाटेचं तापमान शून्याजवळ जातं, दुपारी एका स्वेटरवर भागतं. शनिवार-रविवार मात्र टाळा.

पोहोचायचं कसं

खाजगी गाड्यांना खोऱ्यात १९७५ पासून बंदी आहे. भाड्याची गाडी असेल तर मात्सुमोतोकडून येताना सावांदोला किंवा ताकायामाकडून येताना हिरायुजवळच्या आकांदाना वाहनतळावर ती ठेवून पुढे शटल बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. गाडी नसेल तर उलट सोपं.

टोकियोच्या शिंजुकु स्टेशनवरून मात्सुमोतोला जाणाऱ्या एक्स्प्रेसचं नावच आझुसा. अडीच-पावणेतीन तास लागतात, तिकीट साडेसहा हजार येनच्या आसपास. सगळ्या जागा आरक्षित असतात, तेव्हा जेआर पास (पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास) असला तरी जागा आधी नोंदवा. मात्सुमोतोहून आल्पिको कंपनीच्या छोट्या रेल्वेगाडीने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा, आणि स्टेशनसमोरून बसने साधारण एक तास दहा मिनिटांत कामिकोची. या शेवटच्या टप्प्याला जेआर पास चालत नाही. गाडी आणि बस मिळून एका बाजूचे तीन हजार येनच्या आसपास धरा. बसला आरक्षण लागतं का, हे तिकीट काढतानाच विचारा. गर्दीच्या दिवसांत परतीच्या बससाठी कामिकोचीच्या टर्मिनलवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात. त्या दिवशी परतायचं असेल तर पोहोचल्या पोहोचल्या चिठ्ठी घ्या, मग फिरायला निघा.

माझा सल्ला असा: आदल्या रात्री मात्सुमोतोत राहा, संध्याकाळी काळा किल्ला बघा आणि सकाळची पहिली गाडी धरा. मोठी बॅग सोबत नको. जपानमध्ये ताक्क्युबिन नावाची सामान पोहोचवणारी सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोहोचते. पाठीवर दोन दिवसांची सॅक पुरे. रोख येन मात्सुमोतोतच काढून घ्या. खोऱ्यात शौचालयापासून देवळापर्यंत नाणी लागतात.

पहिला दिवस: ताइशो तळं ते म्योजिन

बस कामा बोगद्यातून बाहेर पडली की सावध व्हा. शेवटच्या थांब्यापर्यंत न जाता ताइशो-इके या थांब्यावर उतरायचं. इथून नदीच्या वरच्या अंगाला चालत गेलं की होताकाची रांग सतत समोर राहते; उलट दिशेने आलात तर तिच्याकडे पाठ.

ताइशो तळं १९१५ सालचं. त्या वर्षीच्या जूनमध्ये याकेदाकेचा उद्रेक झाला, चिखल आणि दगडांचा लोट खाली आला आणि त्याने आझुसाला बांध घातला. बुडालेल्या झाडांचे वाळके सोट पाण्यात उभे राहिले. आता त्यातले थोडेच उरलेत. डोंगरावरून अजूनही गाळ येतो आणि तळं दरवर्षी उपसावं लागतं, कारण याच्या पाण्यावर खाली वीज तयार होते. सकाळी वारा सुटायच्या आत पोहोचलात तर तळ्यात याकेदाके उलटा दिसतो. नऊ-दहानंतर पाणी हलायला लागतं.

तिथून काप्पा पुलापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर, रमतगमत दीड तास. वाटेत ताशिरो तळं आणि दलदलीवरून जाणारी फळ्यांची पायवाट लागते. ओल्या फळ्या निसरड्या असतात, चपला घालून येऊ नका. दलदलीच्या कडेला बसून पाण्यात बघा. गुडघाभर पाण्याखालचा एकेक खडा मोजता येतो, शेवाळाच्या लांब हिरव्या पट्ट्या प्रवाहाबरोबर डुलतात, आणि त्यांच्या सावलीत प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहणारे मासे दिसतात. ताशिरो पुलापाशी पलीकडे गेलात तर वॉल्टर वेस्टनची धातूची प्रतिमा खडकात बसवलेली आहे. या इंग्रज धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथले डोंगर चढून त्यांची ओळख जगाला करून दिली. जूनच्या पहिल्या रविवारी त्याच्या नावाने इथे उत्सव असतो.

काप्पा पूल म्हणजे खोऱ्याचा चौक. छत्तीस मीटरचा झुलता लाकडी पूल, आजूबाजूला हॉटेलं, दुकानं, आणि दुपारी माणसंच माणसं. फोटो काढा, पाणी भरून घ्या आणि पुढे निघा.

पुढे म्योजिनपर्यंत नदीच्या दोन्ही काठांनी वाटा आहेत. डाव्या काठाची वाट रुंद, सरळ, साधारण एक तासाची. उजवीकडची थोडी लांब, पण दाकेसावाच्या दलदलीतून फळ्यांवरून जाणारी, आणि कितीतरी सुंदर. (डावा-उजवा काठ नदी वाहते त्या दिशेला तोंड करून ठरवतात, पाट्यांवरही तसंच असतं.) जाताना उजवी, येताना डावी घ्या. म्योजिनला होताका देवस्थानाचं आतलं देऊळ आहे आणि त्याच्या आवारात म्योजिन तळं. आत जायला काहीशे येन द्यावे लागतात, ते जरूर द्या. ८ ऑक्टोबरला इथे पुजारी सजवलेल्या होड्यांमधून तळ्यावर फेरी मारतात.

देवळाशेजारी कामोंजी-गोया ही जुनी झोपडी आहे. कामिजो कामोंजी हा वेस्टनचा वाटाड्या. वेस्टनने त्याला दिलेली बर्फाची कुऱ्हाड आत भिंतीवर आहे. मध्यभागी चौकोनी चुलाणात लाकडं धुमसत असतात. त्याभोवती काड्यांना टोचलेले इवाना मासे डोकं खाली, शेपूट वर असे राखेत खोचून उभे केलेले असतात आणि मंद आचेवर बराच वेळ भाजले जातात. वरून फक्त मीठ. काटा आणि डोक्यासकट खाता येईल इतका मासा कुरकुरीत होतो. मासे खाणाऱ्याने हे सोडू नये.

संध्याकाळी मुक्कामाला परत. काप्पा पुलाजवळ १९३३ साली सुरू झालेल्या इम्पीरियल हॉटेलपासून सामायिक खोल्यांच्या डोंगरी निवासांपर्यंत सगळं आहे. पुलापासून थोड्या अंतरावर कोनाशिदाइराला तंबूची जागा आणि लाकडी खोल्याही मिळतात. म्योजिन आणि तोकुसावालाही निवास आहेत, आणि गर्दीपासून लांब असल्याने ते मला जास्त आवडतात. ऑक्टोबरसाठी काही महिने आधी नोंदणी करा.

दुसरा दिवस: तोकुसावा आणि परत

पहाटे उठा. काप्पा पुलावर तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी माणसं असतात आणि होताकाच्या टोकांवर आधी गुलाबी, मग पिवळं ऊन उतरत येतं. न्याहारी करून म्योजिनमार्गे तोकुसावापर्यंत चला. पुलापासून एका बाजूचे दोन तास. इथे एके काळी गुरांचं कुरण होतं, म्हणून जंगलात अचानक मोकळं गवताळ मैदान आणि मोठाले एल्म वृक्ष. भातावरची करी, नूडल्स, सॉफ्ट आइस्क्रीम सगळं मिळतं. साध्या चालणाऱ्याने इथूनच मागे फिरावं.

पुढे आणखी तासाभरावर योकोओ, आणि तिथून साधारण तीन तासांच्या चढाईवर कारासावा हा हिमनदीने कोरलेला विशाल खळगा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथली पानगळ बघायला अख्खा जपान लोटतो. पण तो वेगळा कार्यक्रम. निवासाची आगाऊ नोंदणी, उबदार कपडे, होताकाचे कडे चढायचे असतील तर हेल्मेट आणि अनुभव, हे सगळं हवं. नागानो प्रांतात ठरवून दिलेल्या डोंगरी वाटांवर जाताना योजनापत्र भरून देणं कायद्याने बंधनकारक आहे. हरिश्चंद्रगड पावसात केला म्हणून ओकुहोताका जमेल, असं कृपा करून समजू नका.

अस्वलांबद्दल मात्र सगळ्यांनीच गंभीर राहायचं. काळी अस्वलं या खोऱ्यात राहतात. ऑगस्ट २०२० मध्ये कोनाशिदाइराच्या तळावर तंबूत झोपलेल्या एका महिलेवर अस्वलाने हल्ला केला होता आणि तळ बंद ठेवावा लागला होता. वाटेवर ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत, त्या वाजवत जा. सॅकला छोटी घंटा लावा. माहिती केंद्रातल्या फळ्यावर अलीकडे अस्वल कुठे दिसलं ते लिहिलेलं असतं, सकाळी ते वाचूनच निघा. तंबूत खाऊ ठेवू नका. माकडं मात्र रोज दिसतील, हातभर अंतरावरून निघून जातील. त्यांना काही देऊ नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. माणसाच्या पिशव्या ओढायची सवय त्यांना आपल्यामुळे लागू नये.

कचरापेट्या नाहीत. संत्र्याच्या सालीसकट सगळं सॅकमध्ये परत न्यायचं. शौचालयापाशी पेटी असते, तिच्यात शंभर येनचं नाणं टाकायचं. इतक्या उंचीवर ती स्वच्छ ठेवणं सोपं नसतं.

शाकाहारी मंडळींसाठी

अडचण मांसाची नसते, दाशीची असते. वाळवलेल्या माशांचा हा अर्क सूप, सोबा नूडल्सबरोबरचा रस्सा, भाज्या, सगळ्यात असतो. ‘मांस नको’ म्हटलं तरी दाशी येतेच. म्हणून निवास नोंदवतानाच लेखी कळवा: ‘नीकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देसु.’ म्हणजे मांस-मासे चालत नाहीत, दाशीही नाही. ऐनवेळी सांगितलं तर ते बिचारे माफी मागत राहतात आणि तुम्ही भात-लोणच्यावर राहता.

चालताना उमेबोशीचं, म्हणजे खारवलेल्या आंबट उमे फळाचं ओनिगिरी (भाताचा गोळा) बरं. नागानोचे ओयाकी शोधा: भोपळा, वांगं किंवा नोझावाना नावाची पालेभाजी भरलेले कणकेचे गोळे. सफरचंदं अप्रतिम. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणा. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं-भाज्या मात्र विमानातून नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

गरम पाणी: हिरायु की शिराहोने?

खोऱ्यातल्या एक-दोन हॉटेलांतही गरम झऱ्याचं पाणी आहे. पण दुसरी रात्र खाली, झऱ्यांच्या गावातच काढा. दोन पर्याय.

हिरायु ओन्सेन (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा) गिफूच्या बाजूला, कामिकोचीहून बसने पंचवीस मिनिटांवर. ओकुहिदाच्या पाच झऱ्यांच्या गावांपैकी हे सगळ्यात जुनं मानतात. बसस्थानकाभोवतीच निवास, चालत जाता येईल असा ६४ मीटरचा धबधबा, आणि हिरायु-नो-मोरी हे मोठं स्नानगृह, जिथे मुक्काम न करताही झाडांमधल्या उघड्या कुंडांत बसता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिरायुच निवडावं. पुढे ताकायामाला जायलाही सोयीचं.

शिराहोने नागानोच्या बाजूला, आडरस्त्याला. दिवसाला मोजक्याच बस, तेव्हा वेळापत्रक पाहूनच ठरवा. पण पाणी! जमिनीतून निघताना स्वच्छ असतं आणि हवा लागल्यावर दुधाळ होतं. ‘तीन दिवस स्नान केलं तर तीन वर्षं सर्दी नाही’ अशी तिथली म्हण. न्याहारीला झऱ्याच्याच पाण्यात शिजवलेली तांदळाची पेज देतात. तिथे स्त्री-पुरुषांचं एकत्र कुंड असलेलं निवासही आहे, पण स्वतंत्र कुंडंही असतात.

आता खरा अडसर. वज्रेश्वरीला किंवा उन्हवऱ्याला आपण कपड्यांनिशी उतरतो. इथे कुंडात कपडे चालत नाहीत, पोहण्याचा पोशाखही नाही. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. संकोच वाटणं स्वाभाविक आहे. पण आत गेल्यावर कुणी कुणाकडे बघत नाही. आजी, सून, नात शेजारी बसून पाठ चोळत असतात आणि पाचव्या मिनिटाला तुम्हीही विसरता. तरीही नकोच वाटलं तर ‘काशिकिरी’ म्हणजे आपल्यापुरतं तासाभरासाठी राखून ठेवायचं कुंड बऱ्याच निवासांत मिळतं. जोडप्यांना आणि लहान मुलं असलेल्यांना तेच सोयीचं.

रीत अशी. पडद्याचा रंग बघा, बहुधा लाल बायकांचा आणि निळा पुरुषांचा. पण कुंडं दिवसातून अदलाबदल करतात, म्हणून अक्षरही ओळखा: 女 म्हणजे स्त्री, 男 म्हणजे पुरुष. चपला बाहेर, कपडे टोपलीत, फोन तर बाहेरच. हातात फक्त छोटा टॉवेल. आत नळांच्या रांगेपुढे छोटी स्टुलं असतात. बसून साबणाने नखशिखांत धुवायचं, फेसाचा एक थेंब अंगावर राहता कामा नये. उभं राहून पाणी उडवू नका. लांब केस वर बांधा. मग अंगावर दोन-चार तांबे कुंडातलं पाणी घ्या, म्हणजे शरीर उष्णतेला तयार होतं, आणि सावकाश उतरा. पाणी ४० ते ४२ अंश असतं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर. पाच-सात मिनिटांनी बाहेर येऊन बसा, पुन्हा जा. बाहेर पडताना दाराशीच अंग पुसून घ्या, कपड्यांच्या खोलीत पाणी सांडू नये.

चांदी आधी उतरवा. गंधकाच्या पाण्यात जोडवी आणि पैंजण काळे ठिक्कर पडतात. मंगळसूत्रही काढून कुलपाच्या कप्प्यात ठेवा. गोंदवलेलं असेल, अगदी आजीच्या हातावरचं जुनं हिरवं गोंदण असलं तरी, आधी काउंटरवर विचारा. काही ठिकाणी वरून चिकटपट्टी लावली की चालतं, काही ठिकाणी काशिकिरीच घ्यावं लागतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन उतरू नका, आणि बाहेर आल्यावर पाणी प्या.

निवासात साडेपाचच्या आत पोहोचा, कारण जेवण सहा-साडेसहाला ठरलेलं असतं. युकाता, म्हणजे निवासात मिळणारा सुती झगा, घालताना डावा पदर उजव्यावर. उलटा फक्त मृतदेहाला घालतात. मी तर जेवणाआधी एकदा, झोपताना एकदा आणि पहाटे एकदा अशी तीन स्नानं करते, आणि पहाटेचं कधीच चुकवत नाही.

तिथून पुढे

तिसऱ्या दिवशी हिरायुहून बसने तासाभरात ताकायामा, तिथून हिदा एक्स्प्रेसने अडीच तासांत नागोया. म्हणजे टोकियोला उतरून क्योतोकडे जाणाऱ्याला हे खोरं वाटेतच पडतं, मागे वळावं लागत नाही. घाई असेल तर शिंजुकुला परत जाणारी थेट बसही हिरायुहून मिळते, साधारण साडेचार तासांची. ताक्क्युबिनने बॅग पाठवताना पत्ता म्हणूनच ताकायामाच्या किंवा क्योतोच्या हॉटेलचा द्या, आणि तुम्ही कोणत्या तारखेला तिथे पोहोचणार ते पावतीवर लिहायला विसरू नका.